कुत्रा तुमचा, संध्याकाळ सगळ्यांची

मे महिन्यात धुळ्या-जळगावात बाग किती वेळ उघडी असते, हे फाटकावरची पाटी वाचून कळत नाही. पाटीवर पहाटे पाच ते रात्री नऊ लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सकाळी नऊनंतर तिथं चिटपाखरू नसतं. पारा 44-45 ला टेकतो, भुसावळकडे कधी त्याच्याही पुढं जातो, आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत घसरगुंडीच्या पत्र्याला हात लावायची सोय नसते. पोरांच्या वाट्याला उरतात ते दोन-अडीच तास. त्याच वेळात ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा भरतो, ओपन जिमच्या सायकलींवर बायका बसतात, देवळात आरती होते, आणि दिवसभर कूलरसमोर पडून कंटाळलेले लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियनही मालकाला ओढत बाहेर पडतात.

मोठ्या शहरांत बागेतल्या कुत्र्यांवरून भांडणं होतात ती बहुतेक जागेपायी. आपल्याकडे जागेची एवढी मारामार नाही, वेळेची आहे. सगळ्या गावाची संध्याकाळ एकाच तुकड्यात कोंबलेली असते.

त्यात उन्हाची आणखी एक खोड आहे. जॉगिंग ट्रॅकवरचे पेव्हर ब्लॉक सूर्य मावळल्यावरही तापलेले राहतात. तळहाताची मागची बाजू त्यांच्यावर टेकवून मनात सातपर्यंत आकडे मोजा. हात काढून घ्यावा लागला, तर कुत्र्याचे पंजेही तिथं पोळणार. मग कुत्रं ओढ घेतं ते पाणी मारलेल्या हिरवळीकडे. पोरं कुठं असतात? त्याच हिरवळीवर, कारण तेवढा एकच तुकडा गार असतो. तापलेलं, धापा टाकणारं, दिवसभर कोंडलेलं जनावर आणि दिवसभर कोंडलेली पोरं असे समोरासमोर येतात. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण अडचण जागच्या जागी राहते.

माझं म्हणणं सरळ आहे. बागेत मुलं खेळत असतात त्या वेळेला कुत्र्याला तिथं आणू नये. आणायचंच असेल तर आखूड साखळीवर, मोठ्या माणसाच्या हातात आणि खेळण्यांपासून लांब ठेवावं. ही काळजी आधी घ्यायची ती साखळी धरणाऱ्यानं. आईबापांचा नंबर त्याच्यानंतर आणि पोरांचा सगळ्यात शेवटी. घरात कुत्रा असलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, त्यामुळे ‘यांना मुक्या जनावराची कदरच नाही’ हा शेरा कृपया राखून ठेवावा.

बाग म्हटलं की जळगावचं गांधी उद्यान किंवा मेहरूण तलावाचा काठ डोळ्यांपुढं येतो. पण बहुतेक मुलांची रोजची बाग म्हणजे कॉलनीतला ‘ओपन स्पेस’. लेआउट मंजूर करताना सोडावी लागलेली ही जागा काही वर्षं गाजरगवतात काढते. मग कुणीतरी पुढाकार घेऊन हनुमानाचं नाहीतर महादेवाचं देऊळ बांधतं, आमदार निधीतून वॉल कंपाउंड होतं आणि निवडणूक जवळ आली की ओपन जिम येते. वाळूचा ढिगारा टाकून त्यात झोके आणि घसरगुंडी रोवतात. तिथं वॉचमन नसतो, माळी आला तर आला. कागदोपत्री जागा महापालिकेची, देखभाल कॉलनीच्या मित्रमंडळाची आणि नियम कुणाचाच नाही. म्हणून मोठ्या उद्यानात फाटकावर जे अडतं, ते इथं सहज आत येतं.

अशाच एका ओपन स्पेसमध्ये पाहिलेली गोष्ट. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. नातू दोन-अडीच वर्षांचा, घसरगुंडीच्या पायऱ्या एकट्यानं चढायला नुकताच शिकलेला. तिकडून लॅब्रॅडॉर आला, अंगानं भरलेला, तीसेक किलोचा तरी असेल. साखळी होती, पण ती मालकाच्या मनगटाला गुंडाळलेली होती आणि कुत्रा मोकळा. आजी लांबूनच म्हणाल्या, “भाऊ, तुना कुत्राले धर ना, पोऱ्या घाबरी राहिना!” भाऊंनी मोबाइलमधून डोकं वर न काढता उत्तर दिलं, “काहीच नही करस माय तो.” तोवर कुत्र्यानं पुढचे दोन्ही पाय पोराच्या खांद्यावर टेकवले होते. पोरगं मागच्या मागं वाळूत बसलं. चावा नाही, ओरखडा नाही. मालक हसत आला, “खेळतोय तो, त्याला लहान पोरं खूप आवडतात.” पोरगं रडलंसुद्धा नाही. आजीच्या लुगड्याला धरून गप्प उभं राहिलं, आणि त्या संध्याकाळी पुन्हा पायऱ्यांकडे फिरकलं नाही.

मालकाच्या हिशेबी काहीच घडलं नव्हतं.

‘तो काही करत नाही’ म्हणणारा मालक खोटं बोलत नसतो. घरी तो कुत्रा खरोखर काही करत नसेल, घरातलं पोर त्याच्या पाठीवर बसत असेल, कानात बोटं घालत असेल. पण हे प्रशस्तिपत्र घरचं आहे. घरी माणसं ओळखीची, वास ओळखीचे, ताट ठरलेलं. ओपन स्पेसमध्ये अनोळखी पोर किंचाळत धावतं, टेनिसचा चेंडू अंगावर येतो, आरतीची घंटा घणघणते, कंपाउंडच्या बाहेरून गल्लीतली टोळी भुंकत असते. पळणाऱ्याच्या मागं पळायचं ही कुत्र्याची जात्याच ओढ, आणि पळताना मुलं नेमकी तीच ओढ जागी करतात. त्यातून ‘शेपूट हलवतोय, म्हणजे खूश आहे’ ही आपली समजूत अर्धीच खरी. अंग सैल सोडून, कंबरेपासून डुलणारी शेपटी वेगळी. ताठ उभी राहून झटक्या-झटक्यानं हलणारी वेगळी. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, तोंड फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं पाहणं, एकदम गोठल्यासारखं थांबणं, हे सगळं कुत्र्याचं ‘मला नको आहे हे’ असं सांगणं असतं. ते वाचायचं काम साखळी धरणाऱ्याचं. मोबाइल वाचता वाचता ते होत नाही.

आणि ‘करणं’ म्हणजे फक्त चावणंच, हे कुणी ठरवलं? अडीच वर्षांच्या पोराला आपल्याच तोंडाच्या उंचीवर आलेला दातांचा जबडा दिसतो. त्या क्षणी त्या कुत्र्याला लस टोचलेली आहे की नाही, तो घरी आजोबांच्या पायाशी झोपतो की नाही, हे कळायचा मार्ग नसतो. भीती ही सुद्धा इजाच आहे. अशी भ्यालेली पोरं मोठी झाली की कुत्रा दिसला की खाली वाकून दगड शोधतात, हे आपण गल्लोगल्ली पाहतो. कुत्र्यांवर प्रेम असलेल्यांनी याचा विचार जास्त करायला हवा, कारण पुढचे दगड त्यांच्याच कुत्र्यांना बसणार आहेत.

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. लाखालाखांचे घोडे, नाचायला शिकवलेले, माणसाळलेले. तरी एकही घोडेवाला लगाम सोडून गप्पा झोडत बसत नाही, आणि एखादं पोर घोड्याच्या मागच्या पायांशी गेलं तर तो स्वतःच दटावून त्याला बाजूला करतो. ‘माझा घोडा लाथ मारत नाही’ असं म्हणत तो पोराच्या बापाशी वाद घालत नाही. घोडा गुणी की द्वाड हा विषयच तिथं निघत नाही. जनावर आहे, एवढं पुरतं. जनावरांसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांकडे हे शहाणपण असतं. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपाबरोबरची कुत्री पाहा. त्यांच्या कुत्र्याला कुणी ‘बेटा’ म्हणत नाही, पण त्याला कधी बांधायचं, कधी सोडायचं, परकं माणूस आलं की कोणती हाक मारायची, हे तिथल्या पोराटोरालाही ठाऊक असतं. बंगल्यात कुत्रा आला तो हौशीबरोबर आला. हे ज्ञान मागंच राहिलं.

लहान मुलांचा मुद्दा भावनेचा वाटतो, पण त्यामागं शरीराचा साधा हिशेब आहे. मोठ्या माणसाला कुत्रा चावतो तो बहुतेक वेळा पोटरीला किंवा हाताला. लहान मूल बुटकं, म्हणून त्याच्या चेहऱ्याला, डोक्याला, मानेला चावा बसण्याचा धोका जास्त. रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकतो. जखम मेंदूच्या जितकी जवळ, तितका हाती असलेला वेळ कमी. लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य. संशयित पिसाळलेल्या प्राण्यानं चावा घेतलेल्यांमध्ये सुमारे 40 टक्के मुलं पंधरा वर्षांच्या आतली असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसाला होणाऱ्या रेबीजमध्ये 99 टक्क्यांपर्यंत वाटा कुत्र्यांचा आहे. मुलं तर पुष्कळदा घरी सांगतही नाहीत. ओरखडा लपवतात, कारण ‘तिकडं गेलासच कशाला’ म्हणून मार बसेल याची भीती कुत्र्याच्या भीतीहून मोठी असते.

इथं आपल्याकडच्या दोन जुन्या समजुती अजून जीव घेतात. एक, जखमेवर तिखट किंवा चुना भरणं. दुसरी, ‘पोटात चौदा इंजेक्शनं’. ती पोटातली जुनी लस भारतात 2004 मध्येच बंद झाली. आता सिव्हिलला दंडावर, कातडीत थोडी थोडी लस देतात, चाव्याच्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. त्याआधी, घरीच, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे खरोखरची पंधरा मिनिटं, तांब्याभर पाणी ओतून मोकळं व्हायचं नाही. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी सीरमही द्यावं लागतं, आणि ते प्रत्येक लहान केंद्रात मिळेलच असं नाही. नंदुरबारच्या डोंगरातल्या, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या बापाला याचा अर्थ विचारा. एका चाव्यात त्याची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, आणि ते एकदाच जात नाही.

आता पाळीव कुत्रा आणि मोकाट कुत्रा यांच्यातला खरा फरक बघा, कारण मालकांना तो फार अभिमानानं सांगायचा असतो. ‘आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्यात.’ चांगलं आहे. तिसऱ्या महिन्यापासून लस, मग बूस्टर, मग दरवर्षी, हे चुकायलाच नको. पण चावा झाला तर डॉक्टर मुलाला लस सुरू करतीलच, आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतील. चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल तर पुढच्या उपचाराचा निर्णय त्यावर ठरवता येतो. म्हणजे पाळीव कुत्र्याचा मोठा फायदा हा, की तो सापडतो. हा फायदा कधी मिळणार? मालक तिथं थांबला, नाव-पत्ता दिला, लशीचं कार्ड दाखवलं, तर. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. गडबड झाली की साखळी पहिल्यांदा आखूड होते आणि मालक झपाझपा फाटकाबाहेर. त्या क्षणी तो आपल्या हजारो रुपयांच्या कुत्र्याला मोकाट कुत्र्याच्या रांगेत नेऊन बसवतो.

विष्ठेचा मुद्दा लोकांना किरकोळ आणि थोडा लाजिरवाणा वाटतो. मला तो चाव्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण चावा क्वचित होतो आणि हे रोज होतं. कुत्र्याच्या पोटात जंत असतील तर विष्ठेतून टोक्सोकारा नावाच्या गोलजंताची अंडी मातीत पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे गेले की बाधणारी होतात, आणि पुढं कित्येक महिने, कधी वर्षंही, टिकून राहतात. मळलेल्या हातानं पोर चिक्की खातं आणि अंडी पोटात. तिथून निघालेल्या अळ्या यकृतात, फुप्फुसांत, कधी डोळ्यातसुद्धा जाऊ शकतात. आकडेजंताच्या अळ्या तर ओलसर वाळूतून थेट अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. म्हणजे आपण घसरगुंडीखाली वाळू टाकतो ती पोर पडलं तर लागू नये म्हणून, आणि कुत्रं नेमकी तीच उकरून मोकळं होतं. पण याच माहितीत उपायही आहे. विष्ठा तिथल्या तिथं उचलली तर धोका तयारच होत नाही. खिशात एक जुनी पिशवी ठेवायची, हातावर उलटी घालून उचलायचं, गाठ मारून कचऱ्यात. ठरलेल्या वेळी कुत्र्याला जंतांचं औषध द्यायचं. ‘उद्या माळी झाडेल’ हे उत्तर होत नाही. माळी झाडतो तेव्हा अंडी वाळूतच पसरतात.

साखळी कुणाच्या हातात, हाही प्रश्न आहे. संध्याकाळी कॉलनीत एक फेरी मारा. कुत्र्याला फिरवणाऱ्यांत मालक कमीच दिसतील. कुठं घरकामाची बाई, कुठं ड्रायव्हर, आणि सगळ्यात जास्त दहा-बारा वर्षांचा मुलगा, कारण ‘त्यालाच हवा होता ना कुत्रा, मग फिरवू दे त्याला’. मुलाचं वजन पस्तीस किलो, कुत्र्याचं तीस. कोपऱ्यावर गल्लीतली चार कुत्री भुंकली की साखळीचं दुसरं टोक कुणाच्या ताब्यात आहे हे लगेच कळतं. हात सुटला तर तो कुत्रा कुठंही जाईल, हात न सुटला तर पोरगं रस्त्यावर फरपटेल. मूल सोबत असावं, जरूर असावं, जबाबदारी शिकेल. पण साखळी मोठ्या माणसाच्या हातात हवी, आणि ती दीड-दोन मीटरहून लांब नको. हल्ली बटण दाबलं की सुर्रकन लांबणारे पट्टे मिळतात. मोकळ्या माळावर ते ठीक, झोक्यांच्या आसपास अजिबात नकोत.

आणि एक पद्धत आहे तिला तर फिरवणं म्हणताच येत नाही. पहाटे बंगल्याचं गेट उघडायचं, ‘जा, जाऊन ये’ म्हणायचं, आणि चहा होईपर्यंत तो परत आला की गेट लावायचं. पट्टा गळ्यात, मालक घरात. हाच कुत्रा ओपन स्पेसमध्ये घाण करतो, शाळेच्या रिक्षामागं धावतो, आणि नसबंदी केलेली नसेल तर पुढच्या पावसाळ्यात गटाराच्या पाइपात दिसणाऱ्या पिल्लांचा बापही तोच असतो.

यावरून मालकांच्या सगळ्यात आवडत्या आक्षेपाकडे येऊ. ‘खरा प्रश्न मोकाट कुत्र्यांचा आहे, आमच्या मागं का लागता?’ मोकाट कुत्र्यांचा प्रश्न खराच आहे, आणि मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयात 2025 मध्ये त्यावर एकामागून एक आदेश झाले, देशभर चर्चा झाली. प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 मध्येही लिहिलेलं आहे की कुत्र्यांना खाऊ घालायच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असाव्यात आणि वेळाही मुलं-म्हातारी माणसं कमी असतील अशा असाव्यात. आता गंमत बघा. ज्याला कुणी मालक नाही त्या कुत्र्याच्या बाबतीत कायद्यानं मुलांच्या वेळेचा आणि जागेचा विचार केला. मग ज्याला मालक आहे, लशीचं कार्ड आहे, नाव आहे, त्याच्या मालकानं तेवढाही करू नये? शिवाय साखळीवरचा परका कुत्रा आत आला की बाहेरची टोळी कंपाउंडच्या फटीतून त्याच्या मागं आत येते. ओपन स्पेसमध्ये संध्याकाळी होणारी पळापळ पुष्कळदा अशीच सुरू होते.

जातीवरही मी फार वेळ घालवणार नाही. केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये पिटबुल, रॉटवायलरसारख्या 23 जातींवर बंदी घालण्याचं पत्र काढलं, कर्नाटक उच्च न्यायालयानं पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर इजा जास्त होते हे मान्य. पण जातींच्या याद्यांनी बाकीच्यांना मोकळीक मिळते. ‘आमचा तर पामेरियन आहे’ म्हणून तो सगळ्यात बेफाम सुटलेला असतो, आणि पोराच्या पिंढरीला दात लावायला त्याला उंची लागत नाही. (जळगावच्या उन्हात हस्की हा बर्फाळ मुलखातला कुत्रा पाळणाऱ्यांबद्दल वेगळं लिहावं लागेल. ती क्रूरता आहे, हौस नव्हे.)

आईबापांना मी सोडत नाही. ‘जेव, नाहीतर कुत्रा येईल’ म्हणून घास भरवायचा आणि मग बागेत ‘घाबरतोस काय, हात लाव’ म्हणून पुढं ढकलायचं, यातून पोरानं काय शिकायचं? परक्या कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्लांजवळच्या कुत्र्याकडे जायचं नाही. डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, गळ्यात पडायचं नाही. अंगावर आला तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं. पडलोच तर गोळा होऊन कान आणि मान हातांनी झाकायची. हे पाचवीपर्यंतच्या प्रत्येक वर्गात शिकवायला अर्धा तास लागतो. दगड मारणारी, शेपटी ओढणारी मुलंही असतात, आणि त्यांना तिथल्या तिथं थांबवणं हे त्यांच्या घरच्यांचं काम. पण अडीच वर्षांच्या पोराला झाडासारखं उभं राहायला सांगून उपयोग नाही. म्हणून पहिला नंबर साखळीवाल्याचा, हे मी पुन्हा म्हणतो.

मग सरळ बंदीच का नको? काही कॉलन्यांनी पाट्या लावल्याच आहेत, ‘कुत्र्यांना सक्त मनाई’. मला त्या पटत नाहीत. कोंडलेला, न फिरवलेला कुत्रा जास्त चिडका होतो, आणि तो उद्या याच गल्लीत सुटणार आहे. भारतीय पशू कल्याण मंडळानंही 2015 मध्ये रहिवासी संघांना हेच सुचवलं होतं की बागेत बंदी घालण्यापेक्षा कुत्रे फिरवायच्या वेळा ठरवून द्या. मनाईच्या पाटीचा आणखी एक तोटा असा, की ती कुणी पाळत नाही, आणि एक नियम मोडायची सवय लागली की पुढचाही मोडतो. कुत्र्याला धावायला हवंच असेल तर ओपन स्पेसच्या एखाद्या कोपऱ्याला जाळी मारून देता येईल. हैदराबादच्या महापालिकेनं 2018 मध्ये कोंडापूरला कुत्र्यांसाठी वेगळं उद्यान उभारलं. आपल्याला तेवढ्या थाटाची गरज नाही. चालवायला तर धुळ्यात पांझरा नदीकाठचे रस्ते आहेत, मेहरूणचा काठ आहे, पहाटेचे कॉलनीचे रिकामे रस्ते आहेत.

कायद्याचा धाक दाखवायचा तर तोही आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 म्हणतं की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असेल आणि ती टाळायची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच 289 होतं, दंड हजाराचा. कलम नीट वाचलं तर चावा होण्याची वाट पाहायचीही गरज नाही. पण कॉलनीत कोण कुणावर गुन्हा दाखल करतं? ज्यांच्याकडे मोठा कुत्रा, त्यांच्याकडेच बहुधा मोठं गेट आणि मोठी ओळख. तक्रार करायला जाते ती एखाद्या पोराची आई, तिला तीन जण सांगतात, ‘जाऊ द्या हो वहिनी, शेजार आहे.’ एकट्या माणसाला हे सांगायला लावणंच चुकीचं. म्हणून नियम कॉलनीच्या मित्रमंडळाचा हवा, लिहिलेला हवा आणि सगळ्यांना सारखा हवा.

त्याला मोठा खर्च नाही. एक पाटी, फाटकाशी झाकणाचा एक डबा, खेळण्यांभोवती गुडघाभर उंचीची जाळी. ओपन जिमच्या एका यंत्राइतकेही पैसे लागायचे नाहीत. जाळीच्या आत कुत्रा कधीच नाही. बाहेर, ठरलेल्या वेळेत, साखळीवर, मोठ्या माणसाबरोबर. वेळा मात्र वर्षभर एकच ठेवून चालणार नाहीत. मार्च ते जून पोरं सहानंतर बाहेर पडतात आणि नऊपर्यंत खेळतात, तेव्हा कुत्र्यांची वेळ सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री साडेनऊनंतरची. थंडीत उलट. धुळ्याचा पारा सहा-सातवर उतरला की पहाटे कुणी मूल येत नाही आणि संध्याकाळी सातला बाग रिकामी होते, तेव्हा कुत्रेवाल्यांना जास्त मोकळीक देता येईल. हे ठरवायच्या बैठकीला कुत्रेवाल्यांना आधी बोलवा, नंतर कळवू नका. वेळा त्यांनीच सुचवल्या तर ते पाळतील, आणि त्यांच्यातलाच एखादा दुसऱ्याला टोकेल. बैठक होळीच्या आत घ्या. होळी झाली की ऊन लागतं, सगळी कॉलनी एकाच दोन तासांत बाहेर पडते, आणि मग बैठकीऐवजी भांडण होतं.